निऑन टेट्रा की कार्डिनल टेट्रा?

साठ लिटरच्या टाकीत यांपैकी कोणता मासा सोडावा, असे भाचीने विचारले. दोन्ही दक्षिण अमेरिकेतले आणि घाईने पाहणाऱ्याला सारखेच दिसणारे. म्हणून ते शेजारी ठेवून पाहणे मला गरजेचे वाटले.

खरी खूण लाल पट्ट्यात आहे. निऑनमध्ये तो शरीराच्या मध्यापासून शेपटीपर्यंत जातो आणि पुढचे पोट रुपेरी राहते. कार्डिनलमध्ये मात्र तो डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड असतो. वरचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नसून त्वचेतील सूक्ष्म स्फटिकांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा आहे. रात्री अचानक दिवा लावला, तर दोन्ही मासे फिकट जांभळट दिसतात. तो आजार नव्हे, थोड्या वेळात रंग परततो.

स्वभावाने दोघेही शांत आणि थव्यात राहणारे असून, तीन-चारच ठेवल्यास ते झाडांमागे दबून बसतात; निदान आठ-दहा तरी हवेत.

किमतीत निऑन स्वस्त पडतो, कारण तो मुख्यतः पैदास केलेला असतो. कार्डिनल आजही मोठ्या प्रमाणात ब्राझीलच्या रिओ निग्रो खोऱ्यातून पकडून आणला जातो. त्यामुळे त्याला मऊ (कमी क्षारांचे), आम्लधर्मी पाणी लागते आणि नव्या टाकीत तो टिकत नाही.

तापमानाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: निऑनला २१ ते २५ अंश मानवतात, कार्डिनलला २४ ते २८. म्हणून थंड खोलीसाठी आणि बेताच्या खर्चासाठी निऑन घ्यावा. विदर्भ-मराठवाड्यासारख्या उष्ण भागात, जुन्या स्थिरावलेल्या टाकीसाठी कार्डिनल.