जवसाचे तेल : सात महिन्यांच्या वापरानंतर

जवसाचे तेल मी सात महिन्यांपासून रोज एक मोठा चमचा घेत आहे, आणि या काळातली सर्वांत मोठी चूक पहिल्याच खरेदीत झाली. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून मी एक लिटरची घेतली. ती एकट्याला संपवायला दोन महिन्यांहून अधिक दिवस लागतील, हा साधा हिशेब केलाच नाही. सहाव्या आठवड्यात तेल कडवट लागू लागले आणि त्याला नुकत्याच रंगवलेल्या दारासारखा वास येऊ लागला. झाकणाच्या आट्यांत ओघळलेल्या तेलाचा तर चिकट, पिवळसर पापुद्रा झाला होता, जो नखाने खरवडून काढावा लागला.

या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतिजन्य ओमेगा-३चा असतो. हवा, उजेड आणि उष्णता यांनी तेच आधी खराब होते. तैलरंग ज्या गुणामुळे सुकतात, तोच हा गुण. (रंगकामासाठी ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवसाच्या तेलात ते लवकर सुकावे यासाठी धातूंची संयुगे घातलेली असतात, ते चुकूनही खाऊ नये.)

तेव्हापासून मी गडद काचेची, कोल्ड-प्रेस्ड (उष्णता न देता गाळलेल्या) तेलाची २५० मिलिलिटरची बाटलीच घेतो आणि घेताना तारीख पाहतो. ती फ्रिजमध्ये ठेवतो. तिथे हे तेल गोठत नाही, त्यामुळे ऐन वेळी ओतण्याची अडचण येत नाही. सोळा-सतरा दिवसांत बाटली संपते आणि शेवटचा चमचाही पहिल्यासारखाच लागतो.

तळण्यासाठी हे तेल निरुपयोगी आहे, कारण सुमारे १०७ अंश सेल्सिअसलाच त्यातून धूर निघू लागतो. वाफवलेल्या भाज्या ताटात वाढल्यावर त्यांवर किंवा दह्यात घालून मी ते खातो. नुसते चमच्याने घेणे मला जमले नाही. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात, म्हणून तेवढे दुसरे तेल कमी केले.

त्वचा, केस किंवा सांधे यांत मला काहीही फरक जाणवला नाही. शिवाय या ओमेगा-३पैकी फारच थोड्या भागाचे शरीर ईपीए आणि डीएचए या माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३च्या प्रकारांमध्ये रूपांतर करते, त्यामुळे माशांना पर्याय म्हणून मी याकडे पाहत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना तंतुमय पदार्थही हवे आहेत त्यांनी तेलापेक्षा जवस दळून खावे, कारण हे तंतुमय पदार्थ तेलात उतरतच नाहीत. मी स्वतः तेल घेत राहणार आहे, पण फक्त छोट्या बाटलीतले.