24 तासांचं बीपी होल्टर की घरचं मशीन? किडनीवाल्यांसाठी

रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असलं, म्हणजे किडनी कमजोर झालेली असली, की बीपीवर लक्ष ठेवावं लागतं हे कुणाला सांगायला नको, घोळ असतो तो कशावर मोजायचं याचा. डॉक्टर म्हणतात एकदा 24 तासांचं होल्टर करून घ्या, म्हणजे दिवसरात्र दंडाला बांधून ठेवायचं, आपोआप बीपी मोजत राहणारं मशीन, आणि दंडाला पट्टा लावायचं मशीन तर हल्ली घरोघरी असतंच. मी दोन्ही वापरलंय. दोन्हीत तसं वाईट काही नाही.

होल्टरची खरी किंमत रात्री कळते. चांगल्या तब्येतीच्या माणसाचं बीपी झोपेत 10 ते 20 टक्के उतरतं, किडनी कमजोर झाली की बऱ्याच जणांचं ते उतरतच नाही, काहींचं तर उलट चढतं, आणि हे सकाळी अकराच्या ओपीडीत कुणाला दिसणार? घरच्या मशीनलाही नाही दिसत, त्यासाठी झोपेतून उठावं लागेल. इथे होल्टरला पैकीच्या पैकी मार्क.

आता माझी भानगड. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडतात ती सोय) करून ठेवलाय, डायलिसिस अजून लागलेलं नाही. त्या हाताला पट्टा नाही, सुई नाही आणि त्या कुशीवर झोपायचंही नाही, म्हणजे होल्टर उजव्याच दंडाला. दिवसा अर्ध्या अर्ध्या तासाने पट्टा फुगतो तेव्हा हात सैल सोडून गप्प बसायचं, मग हातात घास का असेना, हलवला की एरर आणि परत पहिल्यापासून. तेही चालवून घेतलं असतं. पण रात्री काय करणार, डाव्या कुशीवर मनाई, उजव्या दंडावर पट्टा, राहिलं उताणं, आणि उताणं झोपून मला आयुष्यात कधी झोप लागलेली नाही, त्यात डोळा लागतोय न लागतोय तोच घुर्र करून दंड आवळला जातो. रिपोर्टमध्ये रात्रीचं बीपी जवळपास दिवसाइतकंच आलं. आता हे किडनीमुळे की जागरणामुळे? ज्या एका आकड्यासाठी एवढं केलं तोच धड धरता येईना. ओळखीतल्या एक काकू मात्र पट्टा लावून मस्त घोरल्या म्हणे, त्यांना फिस्टुला नाही, त्यामुळे माझं सगळ्यांना लागू होईलच असं नाही.

घरच्या मशीनला शिस्त लागते, बाकी काही नाही. सकाळी गोळ्यांच्या आधी आणि रात्री जेवणाआधी, लघवीला जाऊन येऊन, पाच मिनिटं न बोलता, पाठ टेकून बसायचं, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, असं आठवडाभर, आणि पहिला दिवस सोडून सरासरी. मनासारखा आकडा येईपर्यंत बटण दाबत राहून शेवटचा डायरीत लिहिणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी होल्टरच बरा, त्याच्याशी लबाडी करता येत नाही. पट्टा दंड मोजून घ्या, लहान पडला तर बीपी उगाच जास्त दाखवतो. मनगटावरच्या मशीनच्या मी वाटेला गेलो नाही, हात छातीच्या पातळीला नसला की आकडा बदलतो, त्यात आपल्या धमन्या आधीच कडक.

आणि एक, केडिगो या किडनीच्या आजारांवर गाईडलाईन काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या गाईडलाईनमध्ये वरचं बीपी 120 च्या आत ठेवा असं आहे, ते वाचून लोक घरच्या 128 ला घाबरतात. तो आकडा दवाखान्यात नीट बसवून, पद्धतशीर मोजलेल्या बीपीसाठी आहे, डायलिसिसवाल्यांसाठी तर नाहीच. घरी किती चालेल ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

माझा कल कळला असेलच. मध्ये माझी गोळी वाढवली तेव्हा उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हाच्या तेव्हा आधी बसून मग उभं राहून मोजलं, उभ्याने बरंच खाली, डॉक्टरांना फोनवर आकडे सांगितले आणि डोस कमी झाला. होल्टर नेमका त्या दिवशी अंगावर थोडाच असणार होता? रोजच्याला घरचंच, फक्त वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघायचं.

तरी घरचे आणि दवाखान्यातले आकडे जुळत नसतील, किंवा घरी सगळं छान असून लघवीतलं प्रोटीन वाढतच असेल, तर होल्टर एकदा कराच असं मला वाटतं. आणि फिस्टुलाची बोलणी चालू असतील तर जमल्यास त्याच्या आधीच उरकून घ्या, निदान एका कुशीवर तरी झोपता येईल.