जँगो-ऑलऑथचे आपोआप युजरनेम: काही महिने वापरल्यावर

आमच्या सराव परीक्षांच्या साइटवर मुलांना युजरनेम विचारणे आम्ही बंद केले. ईमेल टाका किंवा गूगलने या, युजरनेम आपोआप मिळेल. हे काम जँगो या वेब फ्रेमवर्कवर नोंदणी आणि लॉगिन सांभाळणाऱ्या जँगो-ऑलऑथ या पायथॉन लायब्ररीकडे दिले, त्याला बरेच महिने झाले. दुसऱ्या कुणाकडे नसलेले नाव शोधून देण्यात ती पक्की आहे. मराठीत लिहिलेली नावे मात्र तिला दिसतच नाहीत.

आधी चांगले सांगतो. नाव मोकळे असेल तर तेच मिळते, नसेल तर मागे एक आकडा, मग दोन, तीन, चार आकडे, त्यापुढे अक्षरे. हे सगळे पर्याय आधी तयार करून ती डेटाबेसला एकाच क्वेरीत विचारते. आकडे रँडम असल्यामुळे ‘गणेश५७’ पाहून साइटवर किती गणेश आहेत याचा अंदाज येत नाही. ‘ॲडमिन’सारखी नावे अडवायला सेटिंगमध्ये यादी देता येते, ती पहिल्याच दिवशी भरून टाका.

आता देवनागरीची गोची. नाव घेताना लायब्ररी आस्कीबाहेरचे, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चिन्हे सोडून बाकी सगळे, टाकून देते. पोर्तुगीज नावावरची चिन्हे गळाली तरी खाली रोमन अक्षर उरते, ‘सुनीता’तले काहीच उरत नाही. मग ती आडनावाकडे वळते, तेही देवनागरीत असेल तर ईमेलकडे, आणि ॲटच्या आधीचा भाग युजरनेम म्हणून लावून मोकळी होते. आमची गुणवत्ता यादी सगळ्यांना दिसते, म्हणजे मुलीचा अर्धा ईमेल पत्ता जाहीर. पुढे जीमेल लावून बघायला कितीसा वेळ लागतो? ज्यांची साइट मुलांसाठी आहे त्यांनी हे तपासल्याशिवाय ती सुरू करू नये.

मग युजरनेम देवनागरीतच का ठेवू नये? जँगोचा व्हॅलिडेटर, म्हणजे युजरनेम तपासणारा भाग, युनिकोड (जगभरच्या लिप्या) चालवतो खरा, पण तो ज्यावर चालतो ते पायथॉनचे रेजेक्स, म्हणजे मजकुराचा नमुना जुळवणारे साधन, मात्रा आणि अनुस्वार यांना अक्षर मानत नाही. त्यामुळे शरद, कमल, मदन पास आणि सुनीता, मंगल नापास. काना-मात्रा नसलेल्यांनीच नोंदणी करावी, असा हा कारभार!

आम्ही ॲडॅप्टरमधली (लायब्ररीचे वागणे बदलायची जागा) ‘पॉप्युलेट युजरनेम’ ही मेथड ओव्हरराइड केली, ज्यांवरून युजरनेम बनते त्या बीजांच्या यादीतून ईमेल काढला आणि देवनागरीचे रोमन करणारा छोटा तक्ता लिहिला. तक्ता सोपा नाही बरं का. अक्षराला अक्षर लावले की सुशीलची सुशीला होते, म्हणून शेवटचा अ गाळावा लागतो. पण कृष्ण, इंद्र यांसारख्या जोडाक्षरावर संपणाऱ्या नावांत तो ठेवावा लागतो. बहुतेक वेळ यातच गेला.

शाळेच्या लॅबमध्ये अख्खा वर्ग एकदम नोंदणी करतो, तेव्हा नाव तपासणे आणि सेव्ह करणे यांच्या मधल्या क्षणात तेच नाव दुसऱ्याला मिळू शकते. डेटाबेसची युनिक अट (एक नाव एकदाच) ते पकडते, पुन्हा प्रयत्न करण्याचे काम तुमचे. प्रत्येक सेव्ह सेव्हपॉइंटच्या आत करा, म्हणजे चुकले तर तेवढेच मागे घेता येते, नाहीतर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक एरर आली की त्या ट्रान्झॅक्शनमधली (एकत्र चालणाऱ्या क्वेरींच्या गटातली) पुढची प्रत्येक क्वेरी फेटाळली जाते.

मागचे आकडे आवडत नाहीत अशी मुलांची तक्रार असतेच. त्यांना एकदा नाव बदलायची सोय दिली आहे. प्रोफाइलचे दुवे आयडीवर असल्याने त्यात काही मोडत नाही.