कॅरोलायना हरिकेन्सचं सीझन तिकीट: पूर्ण हंगाम वापरल्यानंतर

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "केन्सचं सीझन तिकीट घ्यावं का? पैसे वसूल होतात का?" केन्स म्हणजे कॅरोलायना हरिकेन्स, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधला, नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉलीचा संघ. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. आम्ही २०२४-२५ च्या हंगामाची दोन तिकिटं घेतली होती, वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत वापरली. त्याआधी आम्ही कनेटिकटमध्ये, हार्टफर्डला होतो. विम्याच्या प्रोजेक्टवर आपली निम्मी मंडळी असतात तिथेच. तिथून बदली होऊन रॉलीशेजारच्या कॅरीला आलो. हा संघही हार्टफर्डहूनच इथे आलेला आहे, त्यामुळे माझं मत थोडं दोन्हीकडचं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तिकिटात काय मिळतं? आमच्या हंगामातल्या ८२ सामन्यांपैकी घरच्या मैदानावरचे ४१ सामने, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तीच जागा आधी विकत घ्यायचा हक्क. विकत घ्यायचा, फुकट नाही. सामने बहुतेक संध्याकाळी सातला आणि आठवड्याच्या मधल्या वारीही असतात. नोकरी, मुलांचे क्लास आणि मंगळवारची रात्री साडेनऊची कॉल सांभाळून ४१ सामने कुणाच्यानेही होत नाहीत. उरलेली तिकिटं विकावी लागतात. चांगल्या संघाविरुद्धचं तिकीट हातोहात जातं, पण जानेवारीतल्या सोमवारी एखादा तळाचा संघ आला असेल तर निम्म्या किमतीतही कुणी विचारत नाही. वर विकणाऱ्या ॲपचं कमिशन आहेच. तिकिटं विकून खर्च भरून निघेल असा हिशोब मांडत असाल तर तो मांडू नका.

आता खेळ. मी खडकीचा, धनराज पिल्लेच्या गावचा. हॉकी आमच्याकडे अंगणातली. त्यामुळे इथे पहिला धक्का बसतो तो स्टिकचा. आपल्याकडे सपाट बाजूनेच चेंडू मारायचा, उलट्या बाजूला लागला की शिट्टी. इथे दोन्ही बाजू चालतात. चेंडूऐवजी पक, म्हणजे तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची कडक रबराची चकती, वजन १७० ग्रॅमच्या आसपास. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. टीव्हीवर ही चकती दिसतच नाही, आणि "आइस हॉकी कळत नाही" म्हणणाऱ्या बहुतेकांची तक्रार खरी तीच असते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने महागडी, काचेला चिकटलेली जागा घेऊ नये. वरून बघावं. वरून खेळाडूंची अदलाबदल दिसते. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर, दुसरा आत. पंचाला विचारणं नाही, खेळ थांबवणं नाही. मला तरी हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. गोल नंतर.

मारामाऱ्या होतात. पूर्वीपेक्षा कमी झाल्या म्हणतात, पण होतात. आई इथे आली होती तेव्हा तिला नेलं होतं. शाल गुंडाळून बसली होती. दोघांनी हातमोजे फेकून एकमेकांना धरल्यावर ती म्हणाली, "आणि पंच नुसते बघतायत?" बघतातच. दोघांपैकी एक आडवा झाला की मग मध्ये पडतात आणि दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर बसवतात.

आवाज भयंकर असतो. प्रत्येक सत्राआधी कुणीतरी पाहुणा हाताने फिरवायचा वादळाचा भोंगा फिरवतो. संघाचं नावच चक्रीवादळ, तेव्हा ते ओघानेच आलं. तान्हं बाळ नेणार असाल तर कान झाकायचं काहीतरी बरोबर असूच द्या.

आता या संघाच्या स्थलांतराविषयी, कारण इथे बसून खेळ बघताना ते डोक्यातून जात नाही. हा संघ मूळचा हार्टफर्ड व्हेलर्स. ते १९७९ मध्ये एनएचएलमध्ये आले. पहिल्याच हंगामात हॉकीतला दिग्गज गॉर्डी हाऊ पन्नाशी उलटल्यावर स्वतःच्या दोन मुलांबरोबर त्यांच्याकडून खेळला. पण लीगमधल्या त्यांच्या १८ हंगामांत प्लेऑफची एकच मालिका जिंकता आली, १९८६ मध्ये. सभागृह डाउनटाउनच्या मॉलला जोडलेलं. जानेवारी १९७८ मध्ये बर्फाच्या भाराने त्याचं छप्पर कोसळलं होतं, बास्केटबॉलचा सामना संपून प्रेक्षक घरी गेल्यानंतर काही तासांनी. पुढे मालक पीटर कारमानोस आणि राज्य सरकार यांच्यात नव्या सभागृहाची बोलणी फिसकटली आणि १९९७ मध्ये संघ उठला. शेवटचा सामना १३ एप्रिलला, टँपा बेविरुद्ध. म्हणजे निरोपाला समोर संघ कुठला, तर फ्लोरिडाचा! व्हेलर्सनी तो २-१ असा जिंकला.

हार्टफर्डला आमचे घरमालक साठीचे. त्यांच्या गॅरेजमध्ये व्हेलर्सचं हिरवं पेनंट अजून लटकलेलं होतं. ते बोधचिन्ह एकदा नीट बघाच. खाली डब्ल्यू, वर देवमाशाची शेपटी आणि दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत आपोआप उमटणारा एच. आमची बदली रॉलीला झाली हे सांगितल्यावर ते "म्हणजे तूही" एवढंच म्हणाले.

इकडे येऊन संघाचं लगेच सगळं छान झालं असंही नाही. रॉलीचं सभागृह तयार नव्हतं, म्हणून पहिले दोन हंगाम ग्रीन्सबोरोला काढले, इथून सुमारे ८० मैलांवर. वीस हजारांवर माणसं मावतील असं ते सभागृह, आणि प्रेक्षक येत नऊ हजारांच्या आसपास. वरच्या मजल्यावर पडदे ओढून ठेवायचे. हा संघ दोन वर्षांत जाणार हे ग्रीन्सबोरोच्या लोकांना ठाऊक होतं, आणि रॉलीचे लोक आय-४० महामार्गावरून तासाभराहून जास्त गाडी हाकायला तयार नव्हते. त्यात हा सगळा पट्टा कॉलेज बास्केटबॉलचा. लग्नाची तारीखसुद्धा ड्यूक आणि कॅरोलायना या दोन विद्यापीठांमधला सामना टाळून धरणारे लोक! १९९९ मध्ये रॉलीचं सभागृह उघडलं. त्याचं नाव इतक्यांदा बदललंय की जुने लोक अजून आरबीसी म्हणतात, मधले पीएनसी म्हणतात. सध्या लेनोव्हो सेंटर. २००२ मध्ये संघ अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून हरला, आणि १९ जून २००६ ला याच सभागृहात एडमंटनला सातव्या सामन्यात हरवून स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. तेव्हाचा कर्णधार रॉड ब्रिंडामूर २०१८ पासून इथलाच प्रशिक्षक आहे.

२००९ नंतर मात्र सलग नऊ हंगाम प्लेऑफ नाही. २०१६-१७ च्या सुमारास प्रेक्षकसंख्येत हा संघ लीगच्या तळाला होता आणि इथूनही उठणार अशी चर्चा सतत चालायची. मला विचाराल तर स्थलांतर पचलं की नाही याची खरी परीक्षा ती नऊ वर्षं होती, कप नव्हे. कप जिंकणाऱ्या संघाला कुणीही डोक्यावर घेतं. ती वर्षं ज्यांनी काढली ते लोक आमच्या रांगेत बसतात. एक बाई आणि त्यांचा मुलगा. तो मुलगा २००६ मध्ये पाळण्यात होता, आता ऑफसाइडवरून पंचांशी ओरडून भांडतो. हा कुठून आणलेला संघ आहे हे त्याच्या गावीही नाही. इथलं अख्खं गावच तसं बाहेरून आलेलं. कॅरी या नावातली चार इंग्रजी अक्षरं म्हणजे उत्तरेकडून आलेल्या यांकींना कोंडून ठेवायची जागा, असा स्थानिकांचा जुना विनोद आहे. ते यांकी येताना हॉकीची आवड घेऊन आले, पण न्यूयॉर्कच्या रेंजर्स संघाच्या जर्सीत. पुढच्या पिढीने लाल जर्सी घातली.

तेव्हा "उष्ण गावात हॉकी चालत नाही" या वाक्यात मला फारसा दम दिसत नाही. ॲरिझोना बघा. विनिपेगचा संघ १९९६ मध्ये फीनिक्सला आला. २००९ मध्ये दिवाळखोरी. सभागृह ग्लेनडेलला, शहराच्या पश्चिम टोकाला, आणि तिकीट परवडणारा प्रेक्षक राहतो पूर्वेला. तिथूनही बाहेर पडावं लागलं, मग दोन हंगाम विद्यापीठाच्या पाच हजारांहून कमी जागांच्या सभागृहात. मे २०२३ मध्ये शेजारच्या टेंपी शहराच्या मतदारांनी नव्या सभागृहाचा प्रस्ताव फेटाळला आणि २०२४ मध्ये संघ सॉल्ट लेक सिटीला गेला. यात उन्हाचा दोष कुठे? लीगच्या अव्वल खेळाडूंपैकी एक, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला निवडलेला ऑस्टन मॅथ्यूज, तिथल्याच स्कॉट्सडेलच्या उन्हात वाढला. अटलांटाने तर दोन संघ गमावले, १९८० मध्ये कॅलगरीला आणि २०११ मध्ये विनिपेगला. मालक आणि सभागृह यांचं धड नसेल तर हार्टफर्डच्या थंडीतही संघ टिकत नाही.

उलट पैशाच्या बाबतीत उष्ण राज्यांचं पारडं जड व्हायला लागलंय. फ्लोरिडा, टेक्सस, टेनेसी, नेवाडा इथे पगारावर राज्याचा आयकर नाही. नॉर्थ कॅरोलायनात आहे. आमच्याच हंगामात जानेवारीत मिक्को रांतानेन या बड्या खेळाडूला आणलं, पोरांनी जर्सीवर त्याचं नाव छापून घेतलं आणि मार्चमध्ये तो डॅलसला गेलासुद्धा. दीर्घ करारावर सही करायला तयार नव्हता. करामुळेच गेला असं म्हणत नाही, पण डॅलस हाही मिनेसोटाहून १९९३ मध्ये उठून आलेला संघ, हे ध्यानात घ्या. जर्सी घेताना कर्णधार स्टालची घ्या. टिकेल.

बर्फाबद्दल नेहमी विचारतात. काँक्रीटच्या लादीखाली थंड द्रव खेळवणाऱ्या नळ्या, लादीवर पाण्याचे पातळ थर एकावर एक गोठवत जायचे, जाडी जेमतेम इंचभर, तापमान उणे पाच सेल्सिअसच्या आसपास. एन. सी. स्टेट विद्यापीठाचा बास्केटबॉल याच सभागृहात असतो, तेव्हा बर्फ वितळवत नाहीत, फळ्या टाकून झाकतात. उन्हापेक्षा दमटपणा जास्त छळतो. मे महिन्यात बाहेर अंगाला घामाच्या धारा आणि आत हजारो माणसांचा श्वास, अशा वेळी सत्राच्या शेवटी बर्फावर भुसा जमतो आणि पक ठेचकाळत जातो. पण बर्फ सपाट करणारं झांबोनी यंत्र जन्माला आलं ते १९४९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात! फेब्रुवारी २०२३ मध्ये शेजारच्या कार्टर-फिनली स्टेडियमवर उघड्यावर सामना झाला, त्याला जवळपास ५७,००० लोक आले होते.

या जागेची एक गंमत म्हणजे शेजारीच स्टेट फेअरचं मैदान आहे. ऑक्टोबरमध्ये जत्रा भरली की संघाला दौऱ्यावरच पाठवतात, कारण त्या दिवसांत तिथे गाडी लावणं अशक्य. चालत जाण्यासारखं आसपास काही नाही, चारी बाजूंनी पार्किंग. म्हणून लोकांनी फुटबॉलची सवय हॉकीला लावली. सामन्याआधी डिकी उघडून खाणं-पिणं. आम्ही भेळ नेतो. आत गेल्यावर शाकाहारी माणसाचे जे हाल अमेरिकेतल्या कुठल्याही स्टेडियममध्ये होतात तेच होतात, तेव्हा बाहेरच पोट भरून घ्या.

जिंकल्यावरचा धिंगाणा हा इथला खास प्रकार. २०१८-१९ मध्ये सुरू झाला. खेळाडू टाळ्यांच्या तालावर सरकत जाऊन काचेवर आदळतात. कॅनडातला ज्येष्ठ समालोचक डॉन चेरी त्यांना आगाऊ कार्टी म्हणून टीव्हीवर चिडला, तर संघाने त्याचे शब्द, ‘बंच ऑफ जर्क्स’, टी-शर्टवर छापून विकायला काढले. परंपरेच्या बाहेरच्या गावाने परंपरेला दिलेलं हे उत्तर मला आवडलं. न आवडलेली गोष्ट दुसरी. २०१८ च्या डिसेंबरमध्ये याच संघाने बोस्टनविरुद्ध व्हेलर्सची हिरवी जर्सी घातली, आणि तो माल ते अजून विकतात. कायद्याने हक्क त्यांचाच. पण ते गॅरेजमधलं पेनंट पाहिल्यावर मला तो शर्ट घ्यायचा धीर झाला नाही. बायकोने घेतला. तिला नुसता आवडला.

प्लेऑफबद्दल थोडक्यात. फेरी पुढे सरकेल तसे भाव चढत जातात. २०२५ मध्ये न्यू जर्सी आणि वॉशिंग्टनला हरवलं, मग अंतिम फेरीच्या आधीच्या फेरीत फ्लोरिडा पँथर्स. घरच्या पहिल्या दोन सामन्यांत ५-२ आणि ५-० असा मार खाल्ला. २००९ पासून या फेरीत सलग १५ पराभव झाल्यावर चौथा सामना जिंकला, तोही फ्लोरिडात. आम्ही टीव्हीवर पाहिला. पाचवा इथे हरलो आणि हंगाम संपला. त्या फेरीला जेवढे पैसे गेले तेवढ्यात मुलीचा आख्खा किट आला असता.

किट वेगळा घ्यावाच लागला. मॉरिसव्हिलला संघाचं सरावाचं रिंक आहे. तिथून जवळच चर्च स्ट्रीट पार्कचं क्रिकेट मैदान, जिथे २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. मुलगा एकीकडे, मुलगी दुसरीकडे. मुलीला गोलकीपर व्हायचंय, म्हणजे खर्चाचा सगळ्यात वरचा मजला. शिवाय हॉकीची बॅग. सरावानंतर दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिली तर हातमोज्यांचा वास सीटमध्ये मुरतो आणि कशानेही जात नाही. घरी आल्याआल्या बॅग उघडून पंख्याखाली सगळं पसरायचं, हा नियम.

तर, घ्यावं का? दोघंच असाल आणि सभागृहापासून वीस मिनिटांच्या आत राहत असाल तर पूर्ण घ्या. मुलं लहान असतील तर अर्ध्या हंगामाचा प्लॅन असतो तो बघा, किंवा दोन कुटुंबांनी मिळून पूर्ण घेऊन वाटून घ्या. आम्ही यंदा समोरच्या कुलकर्ण्यांबरोबर तसंच केलंय. शनिवारचे सामने कुणाचे यावरून अजून बोलणी चालू आहेत.