आर्नल्ड पामर मागवा, पण चहा जास्त घालायला सांगा

आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो, आणि गेल्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते तेव्हा एका शनिवारी पेन हिल्सच्या बालाजी मंदिरात दर्शन घेऊन तसेच पुढे लॅट्रोबला गेलो. तिथे जेवायला बसलो तर मेन्यूत ड्रिंक्सखाली 'आर्नल्ड पामर' लिहिलेलं. बाबा म्हणाले, हे माणसाचं नाव आहे का पेयाचं? म्हटलं दोघांचं, आर्नल्ड पामर हे अमेरिकेतले गाजलेले गोल्फ खेळाडू, त्यांच्या नावावरून पेयाला नाव पडलं. कोरा चहा गार करायचा आणि त्यात लेमोनेड घालायचं, म्हणजे आपलं लिंबू सरबतच पण मिठाशिवाय, वरून भरपूर बर्फ, झालं.

आधी चव सांगते. पहिला घोट लिंबाचा लागतो आणि गिळल्यावर जिभेवर चहाचा तुरटपणा राहतो, आणि तो तुरटपणाच याचा जीव आहे. प्रॉब्लेम असा की बहुतेक ठिकाणी चहा आणि लेमोनेड निम्मं निम्मं घालतात, मग चहा कुठल्या कुठे जातो आणि उरतं नुसतं गोड पाणी. आमचा पहिला ग्लास तसाच आला. दुसऱ्या वेळी वेट्रेसला सांगितलं की चहा जास्त घाला, आणि काय फरक पडला! स्वतः पामर पण असंच प्यायचे, साधारण तीन भाग चहा नि एक भाग लेमोनेड. घरी आधीपासून पीत होते, मग १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला त्यांनी हे ऑर्डर केलं, शेजारच्या एका बाईंनी ऐकलं आणि मला पण ते पामरवालं द्या म्हणाल्या, तिथून हे नाव पडलं असं ते सांगायचे.

बाबांचा पुढचा प्रश्न, एवढं काय केलं या माणसाने? त्यांच्या डोक्यात गोल्फ म्हणजे साहेब लोकांचा खेळ. मी सांगितलं की पामर याच लॅट्रोबचे, जन्म १९२९ चा, आणि वडील इथल्या कंट्री क्लबात मैदानाची देखभाल करायचे, नंतर तिथेच गोल्फ शिकवायला लागले. म्हणजे माळ्याचा मुलगा? बाबा एकदम सरसावून बसले. हो, आणि क्लबच्या स्विमिंग पूलमधे या पोराला परवानगी नव्हती कारण तो मेंबरचा मुलगा नव्हता, कामगाराचा होता. १९७१ मधे त्याने तो अख्खा क्लब विकत घेतला. तोच क्लब? बाबांनी हे दोनदा विचारलं.

मग काय, जेवण गार होईपर्यंत मी बोलतच बसले. पामर कोस्ट गार्डमधे तीन वर्षं काढून क्लीव्हलंडला रंग विकायची सेल्समनची नोकरी करत होते, १९५४ ला यूएस अॅमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकले आणि त्याच वर्षी प्रोफेशनल झाले. पुढे मास्टर्स ही मोठी स्पर्धा चार वेळा, ५८, ६०, ६२ आणि ६४. ब्रिटिश ओपन ६१ आणि ६२ ला. पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एकूण ६२ विजय.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९६० चा यूएस ओपन, डेन्व्हरजवळ चेरी हिल्सला. गोल्फमधे चेंडू कमीत कमी फटक्यांत एकेका खड्ड्यात, म्हणजे होलमधे घालायचा, आणि तेव्हा शेवटच्या दिवशी ३६ होल खेळायचे, सकाळी १८ आणि दुपारी १८. सकाळचं झालं तेव्हा पामर सात फटक्यांनी मागे. मधल्या सुट्टीत त्यांनी ओळखीच्या पत्रकाराला विचारलं की आता दुपारच्या १८ होलना फक्त ६५ फटके मारले तर काय होईल, तो म्हणाला काही होणार नाही. रागारागात उठले, पहिल्या होलचा ३४६ यार्डांवरचा ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची हिरवळ, एकाच फटक्यात गाठला, पहिल्या सातपैकी सहा होलवर बर्डी काढल्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, खरंच ६५ मारले आणि जिंकले. दोन फटक्यांनी मागे राहिलेला दुसऱ्या नंबरचा पोरगा कोण, तर तेव्हाचा हौशी खेळाडू जॅक निकलॉस!

हरलेले सामने पण असेच जिवाला लागतील असे. १९६६ च्या यूएस ओपनला नऊ होल उरलेले असताना सात फटक्यांची आघाडी होती, ती गेली, बिली कॅस्परने बरोबरी केली आणि दुसऱ्या दिवशी प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायचा जादा सामना, जिंकला. पीजीए चॅम्पियनशिप तर कधीच मिळाली नाही, तीनदा दुसरे आले. तरी लोक त्यांच्याच मागे धावायचे, आर्नीज आर्मी, म्हणजे आर्नीची फौज, म्हणायचे त्या गर्दीला. मला वाटतं ते जपून खेळायचे नाहीत म्हणूनच. आणि सही मागणाऱ्या प्रत्येकाला नीट वाचता येईल अशी सही द्यायचे, नव्या पोरांनाही तेच सांगायचे. एवढ्या मोठ्या माणसाने हे जपलं याचं मला फार कौतुक आहे.

येताना एअरपोर्टवर थांबलो, त्याला त्यांचंच नाव आहे आणि बाहेर पुतळा आहे. ते स्वतः पायलट होते, १९७६ मधे लिअरजेट या छोट्या विमानाने ५८ तासांच्या आत जगाला चक्कर मारून आले. २०१६ ला गेले. आईने पुतळ्यापाशी फोटो काढून घेतला.

घरी करायचं तर सोपं आहे. चहापत्ती उकळू नका, गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून गाळा, नाहीतर कडू होतो. गरम गरम फ्रीजमधे ठेवलात तर गढूळ होतो म्हणून आधी बाहेर निवू द्या. लिंबू पडलं की रंग फिका होतो, घाबरू नका. मसाला चहाची पावडर अजिबात नको. तयार डबाबंद पण मिळतं पण घरच्याची सर नाही, साखर आपल्या हातात राहते. माझ्याकडून निम्म्या-निम्म्याला ५ पैकी ३, तीनास एकला पूर्ण ५.

आईबाबा आता सांगलीला परत गेलेत. कोणी पाहुणे आले की बाबा स्वतः तीन वाट्या चहा आणि एक वाटी सरबत मोजून करतात, आधी माळ्याच्या मुलाची गोष्ट सांगतात आणि मग ग्लास हातात देतात.