आवाज साफ करायचाय: ऑडॅसिटी, आरएक्स की एआय?

गेल्या श्रावणात फोंड्याजवळच्या आमच्या घरी मावशीच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या. कौलांवर पाऊस, आतल्या खोलीत फ्रिजची घरघर, खिडकीबाहेर रातकिडे. ऐकताना लक्षात आलं, हे तीन वेगळे दोष आहेत आणि तिन्हींवर एकच औषध चालत नाही. कीर्तन, नाटकाची तालीम किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज साफ करायला बसला असाल, तर साधन निवडण्याआधी दोष ओळखा.

ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कुणी बोलत नसलेला एखाद-दोन सेकंदांचा तुकडा दाखवून नॉइज प्रोफाइल (नुसत्या गोंगाटाचा नमुना) घ्यायचं, मग सगळ्या रेकॉर्डिंगवर नॉइज रिडक्शन लावायचं. पंखा, फ्रिज अशा एकसुरी आवाजांवर हे छान चालतं. पाऊस सरीगणिक बदलतो, त्यामुळे तिथे एकच प्रोफाइल पुरत नाही. मी हावरटपणे २४ डेसिबलची कपात लावली, तर मावशी पाण्याखालून गातेय असं वाटायला लागलं. ६ वर आणल्यावर पाऊस थोडा राहिला, पण गळा तिचाच राहिला. खोलीतला घुमारा मात्र या इफेक्टने जात नाही.

आयझोटोप कंपनीच्या आरएक्स या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरला पैसे मोजावे लागतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तारेतून येणारी गुणगुण ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर बसते. आरएक्समधला डी-हम हा इफेक्ट नेमक्या त्याच पायऱ्या कापतो. पण खरी किंमत वसूल होते ती स्पेक्ट्रोग्रामवर. पडद्यावर आवाज चित्रासारखा पसरतो आणि रातकिड्यांची किर्रकिर्र ४-५ हजार हर्ट्झच्या आसपास आडव्या पट्ट्यासारखी स्वच्छ दिसते. तेवढाच पट्टा निवडून खाली उतरवायचा. मध्येच पडलेलं भांडंही असंच पुसता येतं. ऑडॅसिटीतही स्पेक्ट्रल निवड आहे, पण हात इतका बारीक चालत नाही. एक सांगून ठेवतो: चित्रावरची ही दुरुस्ती, म्हणजे स्पेक्ट्रल रिपेअर, आरएक्सच्या स्टँडर्ड आवृत्तीपासून मिळतं. त्यासाठीच घेत असाल तर स्वस्तातली एलिमेंट्स आवृत्ती घेऊन फसू नका.

ब्राउझरमध्ये फाइल चढवून चालणाऱ्या एआय सेवा तिसऱ्या. लादीच्या मोकळ्या खोलीतला घुमारा त्या थक्क व्हावं इतका काढतात. पण त्या आवाज नुसता गाळत नाहीत, काही प्रमाणात नव्याने घडवतात. मराठीत ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, दोन्हींतला ‘ज’ वेगळा. मावशीच्या ओवीतला दुसरा ‘ज’ एका सेवेतून बाहेर आला तो पहिल्यासारखा, आणि लांबवलेले स्वर थरथरत होते. माझ्या लेखी हा पावसापेक्षा मोठा दोष.

एकदाच काम असेल तर ऑडॅसिटी पुरे. दर आठवड्याला पॉडकास्ट किंवा नाट्यवाचन करत असाल तर आरएक्स स्टँडर्ड घ्या, पश्चात्ताप होणार नाही. घाईची मुलाखत फोनवर घेतली असेल तर एआय चालेल, मात्र साफ झालेल्या आवाजात मूळ आवाज थोडा मिसळा आणि एकेक शब्द हेडफोनवर तपासा. बोलीचा, गाण्याचा ठेवा मी त्या वाटेने कधीच पाठवणार नाही.

मावशीच्या ओव्यांतून मी फ्रिज पूर्ण काढला, रातकिडे उतरवले, पाऊस बराचसा राहू दिला. फोनमधली मूळ फाइल हात न लावता वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे.