रयुक्यू शिंपो आणि याएयामा निप्पो: एका प्रांताची दोन वृत्तपत्रे

जपानच्या ओकिनावा प्रांतातील या दोन दैनिकांचा राजकीय कल इतका भिन्न आहे, की एकच घटना दोन्हींत वाचणे हाच एक अभ्यास ठरावा.

नाहा शहरातून निघणाऱ्या रयुक्यू शिंपोची स्थापना 1893 सालची. जपानचा जेमतेम 0.6 टक्के भूभाग असलेल्या ओकिनावावर देशातील अमेरिकी लष्कराच्या राखीव तळांचे सुमारे 70 टक्के क्षेत्र लादले गेले आहे, हा अन्याय तिच्या अग्रलेखांचा कायमचा विषय असून, प्रांतातील हेनोको येथील नव्या अमेरिकी तळाला तिचा उघड विरोध आहे. तिला सरसकट ‘डावी’ म्हणणे मात्र मला अपुरे वाटते. 1940 मध्ये तिचे इतर पत्रांशी विलीनीकरण होऊन निघालेले ओकिनावा शिंपो युद्धकाळात लष्कराचेच गुणगान करत राहिले. त्या पापाचे परिमार्जन म्हणावे तसा, 1945 च्या ओकिनावाच्या लढाईच्या बातम्या आजच्या माहितीनिशी, जणू त्याच दिवशीचा अंक असावा अशा रूपात नव्याने छापण्याचा उपक्रम तिने 2004-05 मध्ये केला.

याउलट 1977 मध्ये इशिगाकी बेटावर सुरू झालेले याएयामा निप्पो हे छोटे दैनिक उजवीकडे झुकलेले आहे. चीनशी वादात असलेली सेंकाकू बेटे प्रशासकीयदृष्ट्या इशिगाकी शहरातच मोडतात. त्यामुळे त्या समुद्रात शिरणारी चिनी तटरक्षक जहाजे ही त्याच्यासाठी घरच्या अंगणातली बातमी असते. 2017 मध्ये त्याने ओकिनावाच्या मुख्य बेटावरही वितरण सुरू केले, ते तिथल्या रयुक्यू शिंपो आणि ओकिनावा टाइम्स या दोन मोठ्या दैनिकांना पर्याय म्हणून.